खाऱ्या सरोवराकाठी तीन दिवस

आमच्या घरी गेली तीन वर्षे मीठ मोजून वापरले जाते. सासूबाईंचे वय ब्याऐंशी. रक्तदाबाचा विकार जुना, गुडघे थकलेले, संध्याकाळ झाली की पावलांवर सूज. डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले, तेव्हापासून लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आणि पापड केवळ पाहुण्यांसाठी तळला जाऊ लागला. एके दिवशी जेवताना वरणाची वाटी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "मला एकदा लोणारला तरी न्या. तिथे मिठाला तोटा नाही."

आम्ही हसलो, परंतु त्या केवळ विनोद करीत नव्हत्या. त्यांचे माहेर मेहकरचे. लहानपणी नवरात्रात छकड्यातून लोणारला जायचे, विवर उतरून कमळजादेवीचे दर्शन घ्यायचे आणि उन्हे कलण्याआधी वर चढून यायचे, ही त्यांची आवडती आठवण. लग्न होऊन नागपुरास आल्यावर पुन्हा तिकडे जाणे झाले नव्हते. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही तो योग जुळवून आणला. सासूबाई, यजमान, पुण्याहून रजा घेऊन आलेली मुलगी आणि मी, असे चौघे तीन दिवस लोणारला राहिलो. ज्यांच्या घरी वयोवृद्ध माणूस आहे आणि 'आता यांना घेऊन कुठे जाणार?' असे म्हणत जे स्वतःही घरातच अडकले आहेत, त्यांना या अनुभवाचा काही उपयोग व्हावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

सरोवर खारे का?

बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात साठले आहे. काळ्या बसाल्ट खडकात आघाताने निर्माण झालेली अशी विवरे जगात फार थोडी आहेत. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जात असे. पुढे आर्गॉन पद्धतीने केलेल्या कालमापनाने ते सुमारे पावणेसहा लाख वर्षांपर्यंत मागे नेले. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. परंतु त्याच्याही कितीतरी आधी 'आईन-ए-अकबरी'त या परिसरातील साबण व काच बनविण्याच्या द्रव्यांचा उल्लेख आला आहे. २०२० मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

लोककथेनुसार लवणासुर नावाचा दैत्य येथे दडून राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला. त्याचे रक्त म्हणजे हे पाणी आणि त्याचे मांस म्हणजे हे मीठ. भूशास्त्र सांगते ते कारण अधिक साधे आहे. काठावरच्या धारेचे गोड पाणी, इतर झरे आणि पावसाचे पाणी विवरात उतरते. परंतु बाहेर जाण्यास त्याला वाट नाही. उन्हाने पाणी तेवढे उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे उरतात. हजारो वर्षे हेच चालले आहे.

मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी मुलगी आजीला हे समजावून सांगत होती आणि मी नुसती ऐकत होते. येणारे सारे आत साठते, जायला वाट मात्र नाही. ही स्थिती मला फार ओळखीची वाटली. तिच्याकडे पुढे वळेन.

हे स्नानाचे पाणी नव्हे

निघताना शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी रिकामी बाटली हाती दिली. म्हणाले, "लोणारचे पाणी आणा. आईंच्या पायांची खाज जाईल." खाऱ्या पाण्याने त्वचारोग बरे होतात, ही समजूत सर्वत्र आढळते आणि तिला थोडा आधारही आहे. इस्रायल व जॉर्डन यांच्या सीमेवरील मृत समुद्र खारटपणात साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट आहे. त्याच्या काठी निवासस्थाने आहेत, लोक पाण्यावर तरंगत पडून राहतात आणि सोरायसिससारख्या विकारांवर तेथे स्नान व सूर्यप्रकाश यांचे उपचार वैद्यकीय देखरेखीखाली केले जातात.

लोणारचे पाणी मात्र त्या जातीचे नव्हे. त्याचे वैशिष्ट्य खारटपणापेक्षा अल्कधर्मितेत आहे. त्यात साध्या मिठाबरोबर सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट आहेत, म्हणजे धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांच्या जातीचे क्षार. शुद्ध पाण्याचा पीएच ७ धरला जातो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, किंचित आम्लधर्मी असतो. लोणारच्या पाण्याचा पीएच साधारण १० च्या घरात मोजला गेला आहे. या मापनात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. वयोमानाने त्वचा पातळ व कोरडी झालेली असते आणि तिचे संरक्षक आवरण दुबळे झालेले असते. अशा त्वचेवर अल्कधर्मी पाणी लावले तर उरलासुरला स्निग्धांश निघून जातो, खाज वाढते आणि भेगा असल्यास आग होते. मधुमेहींच्या पावलांना तर ते लागूच देऊ नये.

शिवाय हे पाणी निर्जीव नाही. त्यात सूक्ष्म शैवाले व जिवाणू यांची दाट वस्ती आहे. काठावर शैवाल कुजल्याचा उग्र दर्पही येतो. २०२० च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही त्याची चर्चा झाली. पाणी आटून क्षारांचे प्रमाण वाढल्याने क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले व त्यांच्या रंगद्रव्यामुळे ती छटा आली, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पुढे पावसाचे पाणी मिसळले आणि रंग ओसरला. असे पाणी बाटलीत भरून घरी आणणे प्रकृतीला हितकारक नाही आणि अभयारण्यातून काही उचलून आणणे योग्यही नाही. शेजाऱ्यांची बाटली आम्ही रिकामीच परत आणली. खाजेवर सासूबाईंना उपयोगी पडला तो त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलेला साधा उपाय: कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, सौम्य साबण आणि अंग ओलसर असतानाच लावलेले मलम.

प्रवासाची आखणी

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून हा प्रवास वृद्धांच्या आवाक्यात आला आहे. वर्धा, अमरावती, वाशीम या जिल्ह्यांतून मेहकरजवळ महामार्ग सोडायचा आणि पुढे लोणार गाठायचे. अंतर सारे मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता चांगला आहे म्हणून गाडी न थांबविता पळवावी, हा मोह मात्र टाळावा. दीर्घकाळ पाय लोंबते ठेवून बसल्यास सूज वाढते आणि पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. दर दीड तासाने थांबून पाच मिनिटे चालविणे आणि बसल्या जागी घोटे फिरविणे आवश्यक आहे.

लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी द्यावी, हे डॉक्टरांना आधी विचारावे. वाटेत अडचण नको म्हणून गोळी परस्पर टाळणे किंवा दिवसभर पाणीच न पिणे, ही दोन्ही टोके धोक्याची. औषधांचा एक संच पिशवीत व दुसरा हाताशी ठेवावा. औषधांची यादी, अलीकडचे तपासणी अहवाल आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून घ्यावा. लोणार व मेहकर येथे शासकीय रुग्णालये आहेत आणि १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा ज्यांच्या औषधांत नुकतेच बदल झाले आहेत, त्यांनी प्रकृती स्थिरावेपर्यंत थांबावे.

विवराच्या काठाजवळ महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पर्यटक निवास आहे, गावात इतरही सोयी आहेत. खोली ठरविताना सरोवर दिसते का, हे सारे विचारतात. आपण आधी तीन गोष्टी विचाराव्या. खोली तळमजल्यावर आहे का? शौचालय कमोडचे आहे का? खोलीपर्यंत पायऱ्या किती? अनोळखी स्नानगृहातील रात्रीची फेरी हे वृद्धांच्या पडण्याचे मोठे निमित्त असते. आम्ही सोबत रात्रीचा छोटा दिवा, न घसरणाऱ्या चपला, प्लास्टिकचा स्नानाचा पाट आणि चालण्याचा वॉकर नेला होता. पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी पलंगापासून शौचालयापर्यंत सासूबाईंना दोनदा चालवून आणले. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांचा गोंधळ नव्या जागी संध्याकाळनंतर वाढू शकतो. त्यांची नेहमीची चादर, जपमाळ किंवा घड्याळ सोबत असावे आणि पहिला मुक्काम एकाच रात्रीचा ठेवावा.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विदर्भातील उन्हाळा वृद्धांना सोसणारा नव्हे.

ताटातले मीठ

खाऱ्या सरोवराकाठी राहूनही आपले पथ्य कसे सांभाळायचे, ही खरी कसोटी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल त्याहून थोडे कमी मीठ खावे. त्यात पदार्थांतील सारे मीठ आले. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते; रक्ताचे आकारमान वाढते, रक्तदाब चढतो आणि दुबळ्या हृदयावर ताण येतो. वाढत्या वयात मूत्रपिंडाची सोडियम बाहेर टाकण्याची शक्ती उणावते. म्हणून तेच लोणचे चाळिशीत पचते आणि ऐंशीत पावलांवर दिसते.

भोजनगृहात पोहोचल्याबरोबर मी आचाऱ्यांना विनंती केली, "भाजीत मीठ घालण्यापूर्वी आमची एक वाटी बाजूला काढाल का?" त्यांनी आनंदाने मान्य केले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, बिनमिठाचे वरण, वरून लिंबू आणि कोथिंबीर. तीन दिवस हेच जेवण रुचीने गेले. विनंती आधी केली तर बहुतेक ठिकाणी ऐकली जाते. पाने वाढल्यावर केली तर तक्रार वाटते.

तीन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. सैंधव हेदेखील मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, तेव्हा ते मनसोक्त खावे असे नाही. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते; मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. पापड, ढोकळा, बाजारची बिस्किटे व पाव यांतून ते नकळत पोटात जाते.

याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी. मीठ अजिबात बंद करणे हे पथ्य नव्हे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातील सोडियम कधी कधी फार खाली जाते. अशक्तपणा, मळमळ, तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता अशी लक्षणे अकस्मात दिसली, तर 'वयच झाले' म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

"तू जाऊन ये"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सासूबाईंना काठावर खुर्चीत बसविले. समोर हिरवे विवर आणि तळाशी शांत पडलेले पाणी. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "उद्या पहाटे खाली जाऊ. देवीची ओटी भरायची आहे."

काठापासून तळापर्यंतची उतरण शंभर मीटरहून अधिक खोल, दगडांची आणि झाडीतली आहे. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, चढताना हृदयावर. मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा म्हटले. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "आई, तुम्ही पडलात तर पुन्हा सारे मलाच करावे लागेल!"

त्या गप्प झाल्या. रात्री जेवताना 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलल्या नाहीत. अंथरुणावर पडल्यावर मला माझ्याच स्वराची लाज वाटली. नकार योग्य होता. तो ज्या सुरात दिला, तो माझ्या थकव्याचा होता. तीन वर्षांत मी सलग दोन तासही घराबाहेर एकटी राहिले नव्हते. कोणी मला अडविले नव्हते. परंतु कोणी 'जा' असेही म्हटले नव्हते आणि मीही मागितले नव्हते. साठत गेलेले ते सारे त्या एका वाक्यातून बाहेर पडले.

सकाळी मी क्षमा मागण्यापूर्वीच सासूबाईंनी मला हाक मारली. पिशवीतून खण आणि नारळ काढून माझ्या हाती दिला. "माझे पाय आता तिथवर जायचे नाहीत, हे मलाही कळते. तू जाऊन ये. माझ्या नावाने ओटी भर. इथे माझ्याजवळ तो बसेल," असे म्हणून त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिले.

यजमान किंचित गोंधळले. आईच्या गोळ्या कोणत्या, पाणी दिवसाला किती, शौचालयास नेताना वॉकर कुठे धरायचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना हौस नव्हती असे नाही. मी ते कधी शिकविले नव्हते आणि त्यांनी कधी विचारले नव्हते. मी एका कागदावर सारे लिहिले. मुलीला घेऊन निघाले.

आम्ही सावकाश उतरलो. झाडीत मोर ओरडत होते, वानरे फांद्या हलवीत होती. तळाशी उग्र वास आला आणि पुढे कमळजादेवीचे जुने दगडी मंदिर लागले. ओटी भरली. पाण्याला हात न लावता काठावर बसून राहिले. कोणाला काय हवे आहे याचा कान लावून न बसता गेलेला तो अर्धा तास मला फार मोठा वाटला.

वर आलो तेव्हा साडेतीन तास उलटले होते. काठावर मायलेक शेजारी बसले होते. सासूबाई मेहकरच्या शारंगधर बालाजीच्या उत्सवाविषयी सांगत होत्या आणि यजमान ऐकत होते. गोळ्या वेळेवर दिल्या होत्या. कागदावर प्रत्येकीपुढे खूण केली होती. "याला सगळे जमते," सासूबाई म्हणाल्या. त्या रात्री मी सात तास झोपले.

विश्रांती कोणाची?

वृद्धांसह केलेल्या सहलीत एक गोष्ट सहसा राहून जाते. रुग्णाला 'हवापालट' मिळतो, परंतु शुश्रूषा करणाऱ्याची केवळ जागा बदलते. काम तेच राहते, उलट सोयी कमी असल्याने वाढते. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवावे की मुक्कामातील अमुक तास शुश्रूषेची जबाबदारी दुसऱ्याची. घरात दुसरे कोणी नसेल तर परिचारिका किंवा विश्वासू नातेवाईक सोबत घ्यावा आणि ते शक्य नसेल तर सहल पुढे ढकलून आधी हीच सोय लावावी. सतत चिडचिड, झोप न लागणे, स्वतःच्या तपासण्या लांबणीवर टाकणे, कशातच मन न रमणे ही शुश्रूषा करणाऱ्याच्या थकव्याची लक्षणे आहेत. ती स्वभावदोष म्हणून झाकू नयेत. घरात बोलावीत आणि टिकून राहिली तर डॉक्टरांनाही सांगावीत.

लोणारला उतरणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठीही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. काठावरून सकाळ-संध्याकाळी दिसणारे सरोवर, गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीव काम, परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा. मंदिरांच्या व धारेच्या पायऱ्या किती, हे आधी पाहून मगच न्यावे. ज्यांना उतरायचे आहे, त्यांनी वनविभागाकडे चौकशी करावी. पाण्याची पातळी आणि वाटेची स्थिती दरवर्षी सारखी नसते.

तीन दिवसांच्या मुक्कामाने सासूबाईंचा रक्तदाब बरा झाला नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. गोळ्या पूर्ववत चालू आहेत. बदल झाला तो घरातल्या व्यवस्थेत. तो कागद आता आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरात फडताळाला चिकटविला आहे. गुरुवारी आणि रविवारी सकाळी सासूबाईंचे सारे यजमान पाहतात आणि मी तीन तास बाहेर जाते. कधी बागेत, कधी ग्रंथालयात, कधी नुसतीच मैत्रिणीकडे.

परवा निघताना सासूबाईंनी विचारले, "आज कुठे?" म्हटले, "कुठे नाही, आई. थोडी चालून येते." त्यांनी हातानेच 'जा' अशी खूण केली.